डिकीतला दिवा विझतो का?

चावी फिरवली की गाडीने नुसतं ‘टक्’ म्हणायचं आणि गप्प बसायचं, हे गेल्या काही दिवसांत बऱ्याचदा झालं होतं. पण या वेळी मागच्या सीटवर सासूबाई बसलेल्या होत्या. मांडीवर पर्स, शेजारी बॅगा आणि थोड्याच वेळात सुटणारी आगगाडी. वॉशरभाऊंनी पुन्हा चावी फिरवली. पुन्हा ‘टक्’. बायको खाली उतरली, तिने एकदा गाडीकडे पाहिलं, एकदा नवऱ्याकडे पाहिलं आणि दोघांत जास्त बिघडलेलं कोण हे न ठरवताच बॅगा उतरवायला लागली. टॅक्सी मिळेपर्यंत स्टेशनातली गाडी निघून गेली होती. गाडीमुळे गाडी चुकली, एवढंच सासूबाई म्हणाल्या आणि परत आपल्या खोलीत जाऊन बसल्या.

वॉशरभाऊ हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. ते नळदुरुस्तीचं काम करत. गळती कुठलीही असो, ते आधी कान लावत, मग बोट फिरवत आणि शेवटी म्हणत, "वॉशर गेलाय." बहुतेक वेळा खरंच वॉशर गेलेला असे. नसला, तर तो बदलता बदलता खरं कारण सापडे. भिंतीआडची गळती त्यांना ओल दिसायच्या आधी कळते, असं लोक म्हणत, आणि ते ऐकू आलं की वॉशरभाऊ ऐकू न आल्यासारखं करत. अशा माणसाच्या स्वतःच्या गाडीतून वीज गळावी, आणि ती कुठून गळते हे त्याला उमगू नये, ही गोष्ट त्यांच्या जिवाला लागली होती.

त्यात घरातली पंचाईत वेगळी. बायको चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची, म्हणून सासूबाई नवा चष्मा करून घ्यायला लेकीकडे आल्या होत्या. चष्मा होऊनही आता बरेच दिवस झाले होते. जावई आणि सासूबाई यांच्यात भांडण कधीच झालं नव्हतं, कारण भांडायला आधी बोलावं लागतं. वॉशरभाऊंना काही विचारायचं असलं की ते बायकोला म्हणत, "आईंना विचार, चहा घेणार का." सासूबाई तिथेच बसलेल्या असत. त्या म्हणत, "त्यांना म्हणावं, अर्धा कप चालेल." मधे उभी असलेली बायको चहा टाकायला जाई. लग्नाला इतकी वर्षं झाली, तरी ही व्यवस्था कोणी मोडली नव्हती.

आता गाडी लगबगीने दुरुस्त करावी, तर बायको म्हणणार, माझ्या आईला घालवायची एवढी घाई झाली होय. सावकाश करावी, तर म्हणणार, माझ्या आईला साधं स्टेशनावर पोचवता येत नाही. वॉशरभाऊंनी यातली दोन्ही वाक्यं ऐकून झाल्यावर गाडी ढकलत रस्त्याच्या टोकाला बॅटरीवाल्याकडे नेली.

बॅटरीवाला एका जुन्या गाडीतून काढलेल्या सीटवर रेलून बसत असे आणि गिऱ्हाईक आलं तरी लगेच उठत नसे. त्याने बसल्या बसल्याच सगळं विचारून घेतलं. मग बॅटरी चार्जिंगला लावली, आणि ती भरल्यावर तिच्या काळ्या टोकाची वायर सोडवून मधे मीटर लावला. गाडी बंद, दारं बंद. मीटरचा काटा जेमतेम हलला. घड्याळ चालायला थेंबभर लागतं तेवढंच जातंय, बाकी काही जात नाही, असं तो म्हणाला. बॅटरी चांगली आहे, चालत्या गाडीत ती भरणारा अल्टरनेटर चांगला आहे, वायरी चांगल्या आहेत.

"मग उतरते कशी?" वॉशरभाऊंनी विचारलं.

"काहीतरी मधेच चालू होतं आणि मधेच बंद होतं. ते काय, ते तुम्ही शोधा. गाडी तुमच्याकडे असते, माझ्याकडे नाही."

शोधायचं म्हणजे आधी वाट कळायला हवी. वॉशरभाऊंनी विचारलं की बॅटरीच्या टाकीतून निघालेली वीज जाते कुठून आणि शेवटी सांडते कुठे. बॅटरीवाला हसला. सांडत नाही, म्हणाला. लाल वायरीतून दिव्यापर्यंत जाते आणि तिथून परत बॅटरीत येते. परत आली नाही, तर मुळात निघतच नाही.

"परत कुठून येते? परतीची वायर तर दिसत नाही."

"ही काय," म्हणून त्याने गाडीच्या दारावर थाप मारली. "हा सगळा पत्रा. दिव्याची दुसरी वायर पत्र्याला बांधलेली, बॅटरीचं काळं टोकही पत्र्याला बांधलेलं. अख्खी बॉडी हीच परतीची वाट."

वॉशरभाऊंनी दारावरचा आपला हात हळूच काढून घेतला. इतकी वर्षं ते या पत्र्याला टेकून उभे राहत होते, त्यावर हिशेबाची वही ठेवून सह्या करत होते, पावसात भिजलेला सदरा वाळत घालत होते. आणि त्या सगळ्या वेळी हेडलाइटची, वायपरची, हॉर्नची वीज त्यातून निमूटपणे घरी परत जात होती. हाताला झटका का बसत नाही, तर दाब कमी, नुसता बारा व्होल्टचा. दाब म्हटल्यावर त्यांना बरं वाटलं. इंजिन सुरू करणाऱ्या स्टार्टरला जाणारी वायर अंगठ्याएवढी जाड का, तर तिथे एका दमात पुष्कळ वाहून न्यायचं असतं. हेही त्यांना न सांगता कळलं. मोठ्या टाकीला अर्ध्या इंचाचा पाइप कोण लावतो?

पण बॅटरी ही टाकीच नाही, हे ऐकून ते पुन्हा गोंधळले. आत वीज भरून ठेवलेली नसते, बॅटरीवाला म्हणाला. आत शिशाच्या पट्ट्या आणि ॲसिड. त्यांचं आपसात काही चालतं, त्यातून ढकलायचा जोर येतो. दिवे लागत राहिले की ॲसिड फिकं फिकं होत जातं, गाडी चालली की पुन्हा कडक होतं.

"फिकं होतं म्हणजे?"

"म्हणजे त्यात पाणी वाढतं."

वॉशरभाऊ त्या काळ्या डब्याकडे बघत राहिले. एवढं सगळं होऊन शेवटी आत पाणीच तयार होत होतं, आणि ते कुठूनही गळत नव्हतं. देवळात शिरल्यासारखं हळू आवाजात त्यांनी बॅटरीवाल्याचे आभार मानले आणि गाडी अगदी जपून घरी आणली.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी आपल्या धंद्याच्या रीतीने शोध सुरू केला. इमारतीत गळती कुठल्या मजल्यावर आहे हे बघायचं, तर एकेका मजल्याचा कॉक बंद करून पाहतात. गाडीत कॉकच्या जागी फ्यूज. त्यांनी आधी रेडिओचा फ्यूज काढला. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी ‘टक्’ म्हणाली. रेडिओचा परत बसवून छतातल्या दिव्याचा काढला. गाडी झोकात सुरू झाली, म्हणून त्यांनी बायकोला गुन्हेगार सापडल्याची वर्दी दिली, आणि त्यानंतरच्या सकाळी गाडी पुन्हा ‘टक्’ म्हणाली. मग हॉर्नचा काढला. त्या दिवशी बैलासारखा रस्ता अडवून उभ्या असलेल्या एका ट्रकमागे त्यांना खिडकीतून डोकं काढून तोंडाने हॉर्न वाजवावा लागला. रोज बॅटरीवाल्याकडे चार्जिंग, रोज नवा संशयित. बायको म्हणाली, तुम्ही गाडीला गोळ्या बदलून बदलून देताय, आजार काय ते बघत नाही.

सासूबाईंचं नवं तिकीट आलं. संध्याकाळची गाडी होती. वॉशरभाऊंनी आदल्या दिवशी बॅटरी चार्ज करून घेतली होती, आणि सकाळी गाडी सुरूही झाली होती. पण संध्याकाळपर्यंत ती तग धरेल याची खात्री कोण देणार? सकाळची कामं उरकून ते घरी आले, तेव्हा बायको दुकानात होती आणि सासूबाईंच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. गाडी घराशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये लावताना त्यांनी हत्यारांची पेटी काढायला डिकी उघडली. डिकीतला छोटा दिवा लागला. आणि वॉशरभाऊंच्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

हा दिवा डिकी बंद केल्यावर विझतो कशावरून?

आजवर कोणी पाहिलं होतं? पाहणार कसं? बंद डिकीत काय चालतं हे बंद डिकीलाच ठाऊक. तो दिवा दिवसरात्र आत एकटाच जळत असेल, पान्ह्यांवर आणि पाइपांच्या तुकड्यांवर उजेड पाडत असेल, तर बॅटरीला दोष कशाला द्यायचा? मोबाइल आत ठेवून चित्रीकरण करावं, असं कोणालाही सुचलं असतं. वॉशरभाऊंना सुचलं नाही असं नाही. पण दुसऱ्याच्या सांगण्यावर त्यांनी उभ्या आयुष्यात गळती ठरवली नव्हती, तिथे मोबाइलच्या सांगण्यावर कशी ठरवणार? त्यांनी मोबाइल शेडच्या कठड्यावर ठेवला, हत्यारं बाहेर काढली, डिकीच्या झाकणाला आतून सुतळी बांधली, ती नीट लागू नये म्हणून कडीत फडक्याचा बोळा कोंबला आणि गुडघे पोटाशी घेऊन आत शिरले.

मग त्यांनी सुतळी ओढली.

जोर नळाच्या हिशेबाने लावला गेला. झाकण धाडकन बसलं, बोळा उडून पडला, आणि कडी अशी काही लागली की तिचा आवाज त्यांच्या बरगड्यांत घुमला. त्याच क्षणी दिवा विझला. अगदी आज्ञाधारकपणे विझला. वॉशरभाऊ काळ्याकुट्ट अंधारात पडून होते आणि त्यांना पहिल्यांदा वाटलं ते कौतुक. इतक्या वर्षांत कोणी बघत नसतानाही हा एवढासा दिवा प्रत्येक वेळी आपलं काम चोख करत आला होता. दुसऱ्यांदा जे वाटलं ते कौतुक नव्हतं. चावी खिशात होती, पण चावीचं भोक बाहेरच्या बाजूला. डिकी उघडायचा खटका ड्रायव्हरच्या सीटखाली. मोबाइल कठड्यावर. मागच्या सीटची पाठ पक्की बसवलेली. आत हवा येत होती, पण तिला रबराचा आणि गंजाचा वास होता.

हाक मारावी, तर रस्त्यावरचे लोक जमणार. भिंतीआडची गळती ओळखणारा माणूस स्वतःच्या डिकीत सापडला, ही बातमी बाकी कशाहीपेक्षा वेगाने पसरली असती. बायको संध्याकाळी येईलच, तोवर दम धरावा, असं त्यांनी ठरवलं. पण तीही बॅगा ठेवायला डिकी उघडेल आणि आईच्या देखत आपल्याला असं दुमडलेलं बघेल, हे डोळ्यांपुढे आल्यावर त्यांना घाम फुटला.

तेवढ्यात पावलं वाजली. हलकी, सवयीची पावलं. ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं, गाडी किंचित दबली, दार अलगद लागलं. मग चावी फिरल्याचा आवाज आला. दुसरी चावी स्वयंपाकघराच्या दारामागे खिळ्याला असते, हे घरच्या माणसांखेरीज कोणाला माहीत नव्हतं. वॉशरभाऊ ओरडायला तोंड उघडणार, तोच त्यांच्या नाकासमोर उजाडलं.

मागच्या दिव्यांवरची आतली झाकणं केव्हाच तुटून गेली होती. त्या फटींमधून लाल उजेड डिकीत झिरपला. आधी मंद, विस्तवासारखा. मग डावीकडे नारिंगी लुकलुक सुरू झाली, टिक टिक करत. ती थांबली आणि उजवीकडे सुरू झाली. पुढे कोणीतरी ब्रेकवर पाय ठेवला असावा, कारण लाल दिवा एकदम उसळला आणि वॉशरभाऊंचे हात, सुतळी, गंजलेला पत्रा, सगळं लालभडक झालं. त्यांच्या डोळ्यांपासून वीतभर अंतरावर ती वाट होती. एक वायर दिव्यापर्यंत येत होती. दुसरी, एवढीशी काळी, दिव्यातून निघून तिथेच पत्र्याला बोल्टने आवळलेली होती. ज्या पत्र्यावर त्यांनी गाल टेकला होता त्यातून या क्षणी वीज परत चालली होती. गालाला काहीही जाणवत नव्हतं. आवाज नाही, ओल नाही, ऊब नाही. ते श्वास रोखून बघत राहिले, आणि आपण अडकलोय हेच मुळात विसरून गेले.

पुढून आवाज आला तो सासूबाईंचा.

"आता डावीकडे वळायचं. आधी दाखवायचं, मग वळायचं." डावीकडे टिक टिक झालं. "ए बाबा, तुला घाई असेल तर जा पुढे. मला नाही घाई. मी आज सगळीकडून जाऊन येणार आहे."

गाडी तसूभरही हलली नव्हती. वॉशरभाऊ ऐकत होते. सासूबाई पूर्वी जिथे शिवणवर्ग चालवत, त्या जुन्या गल्लीतून मनातल्या मनात गेल्या, तिथल्या एका मैत्रिणीला त्यांनी शेजारी बसवलं आणि दार नीट लागलं का विचारलं. पुढे चढ आला, तो त्यांनी सावकाश चढवला. मग कुठलासा पूल लागला. पुलावर त्यांनी गाडीचे मोठे दिवे लावले, कारण तिथे धुकं असतं, असं त्या मैत्रिणीला म्हणाल्या. हे असं पहिल्यांदा होत नव्हतं, हे त्यांच्या हातांच्या सराईतपणावरून डिकीतसुद्धा कळत होतं. रेडिओचा फ्यूज काढला त्या दिवशी त्या रेडिओविना फिरल्या असणार. हॉर्नचा काढला त्या दिवशी नुसत्या हात दाखवत गेल्या असणार. इतके दिवस ज्या गळतीमागे वॉशरभाऊ हात धुऊन लागले होते, ती रोज दुपारी नवा चष्मा लावून सीटवर येऊन बसत होती.

आणि त्यांच्या डोळ्यांसमोर ती गळती चालूच होती. लाल उजेड हळूहळू तांबूस झाला. टिक टिक रेंगाळायला लागली, थकलेल्या माणसाच्या बोलण्यासारखी. बॅटरीत पट्ट्यांमधलं ॲसिड फिकं होत असणार. थांबवावं तर म्हातारं माणूस दचकणार, न थांबवावं तर पुन्हा आगगाडी चुकणार. शेवटी त्यांनी सभ्यपणे खोकून बघितलं.

पुढचा आवाज बंद झाला. मग सासूबाई अगदी मायेने म्हणाल्या, "काय गं, दमलीस का?"

हे गाडीला उद्देशून होतं, हे लक्षात यायला वॉशरभाऊंना थोडा वेळ लागला.

"आई, मी आहे," ते म्हणाले. "जावई."

"कुठे आहात?"

"डिकीत."

लग्नानंतर त्या दोघांमधलं हे पहिलं थेट संभाषण होतं आणि ते पुढे कसं न्यायचं हे कोणालाच सुचत नव्हतं. सासूबाईच आधी सावरल्या. माझ्यावर पाळत ठेवायला डिकीत लपलात का, असं त्यांनी विचारलं. आवाजात राग होता, पण त्याखाली लाज होती. वॉशरभाऊंनी घाईघाईने सांगितलं की तसं काही नाही, डिकीतला दिवा विझतो की नाही हे बघायला आपण आत आलो. स्वतःच्या कानांना ते त्यांना अजिबात खरं वाटलं नाही.

"आणि विझतो का?"

"विझतो."

सासूबाईंनी यावर विचार केला. मग म्हणाल्या, "मी उघडते. पण लेकीला यातलं काही सांगायचं नाही. या वयात आई बंद गाडीत बसून गावभर फिरते, हे तिला कळायला नको."

"मलाही कुठे सांगायचंय," वॉशरभाऊ म्हणाले. "तुम्ही पुढे नव्हता, मी मागे नव्हतो."

सीटखालचा खटका ओढला गेला. झाकण उघडलं, छोटा दिवा लागायला गेला आणि लागला नाही. बॅटरी पार बसली होती.

वॉशरभाऊ अंग सोडवत बाहेर आले आणि पुढे सासूबाईंच्या शेजारी जाऊन बसले. त्यांना रागवायचं होतं, पण कुठून सुरुवात करावी ते कळेना, म्हणून त्यांनी विजेपासून सुरुवात केली. सासूबाईंना वाटत होतं की इंजिन बंद म्हणजे खर्च बंद. पेट्रोल जळत नाही, तर लागतंय काय? स्टीअरिंगमागच्या काचेखालचे ते लाल-हिरवे दिवे उमटले की डोंगरावरून एखादं गाव दिसल्यासारखं वाटायचं, त्यांनी सांगितलं, म्हणून रोज लावून बघायच्या. आपल्यामुळे बॅटरी उतरते आणि आपल्यामुळेच आपली आगगाडी चुकली, हे समजल्यावर त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला. वॉशरभाऊंनी मग त्यांना लाल वायर सांगितली, पत्रा सांगितला, परतीची वाट सांगितली. एवढं सलग ते सासरच्या कुठल्याही माणसाशी बोलले नव्हते.

सासूबाई नीट ऐकत होत्या. मग त्यांनी विचारलं, "जेवढी जाते तेवढी सगळी परत येते?"

"सगळी."

"मग दिव्यात जळतं काय?"

हा प्रश्न वॉशरभाऊंनी बॅटरीवाल्यालाही विचारला नव्हता. ते समोरच्या काळ्या पडलेल्या दिव्यांकडे बघत राहिले. वरच्या टाकीचं पाणी खाली येताना चाक फिरवतं. चाक पाणी पीत नाही. पाणी तेवढंच राहतं, कमी होते ती उंची. "जोर जळतो," ते हळूच म्हणाले. "वीज सगळी परत येते, पण दमून येते." बरोबर होतं की नाही कोणास ठाऊक, पण म्हणताना त्यांच्या अंगावर काटा आला. सासूबाईंनी स्टीअरिंगवरून हात फिरवला. काही वेळ दोघंही, एखाद्या मोठ्या माणसाच्या घरी आल्यासारखी, सावरून बसून राहिली.

मग त्यांना आगगाडी आठवली.

समोर एक बेकरीवाला राहत असे. त्याची पाव पोचवायची व्हॅन दारातच होती. वॉशरभाऊंनी त्याला बोलावलं, व्हॅन गाडीच्या तोंडाशी तोंड लावून उभी केली आणि जाड वायरी काढल्या. लाल लालला. काळी आधी व्हॅनच्या काळ्या टोकाला, आणि तिचं दुसरं टोक बॅटरीला न लावता इंजिनाच्या उघड्या लोखंडाला, कारण शेवटी सगळं लोखंड एकच. बेकरीवाल्याने व्हॅन सुरू ठेवली. आता चावी फिरवायला कोणीतरी हवं होतं, आणि ड्रायव्हरच्या सीटवर सासूबाई होत्या.

"फिरवू?" त्यांनी विचारलं.

"फिरवा."

इंजिन घरघरलं आणि सुरू झालं. सासूबाईंनी दोन्ही हात स्टीअरिंगवर ठेवले होते आणि ते थरथरत होते. हात की स्टीअरिंग, हे सांगणं कठीण होतं. इतके दिवस त्यांनी डोंगरावरून नुसतं गाव पाहिलं होतं. आज गावात वस्ती आली होती.

वायरी सुटल्या, व्हॅन गेली, आणि सासूबाई शेजारच्या सीटवर जाऊन बसल्या. आता गाडी थोडी चालवली पाहिजे, तरच बॅटरी भरेल, असं वॉशरभाऊ म्हणाले. हे शास्त्राला धरून होतं. पलीकडे बंद पडलेल्या गिरणीचं रिकामं मैदान आहे, तिथे एक चक्कर मारू, हेही शास्त्राला धरून होतं. मैदानात पोचल्यावर दोघांनी पुन्हा जागा बदलली, याला मात्र शास्त्रात आधार नव्हता. सासूबाईंनी सीट पुढे ओढून घेतली, क्लच सोडला, गाडी बेडकासारखी उडाली आणि बंद पडली. पुन्हा सुरू केली, पुन्हा उडी. मग कधीतरी गाडी सरळ निघाली. कुंपणाच्या कडेने, पहिल्या गिअरमध्ये, माणूस चालतो त्या वेगाने. वळणाआधी सासूबाईंनी न चुकता दाखवलं, रिकाम्या मैदानाला. एक चक्कर झाली. बॅटरी अजून भरली नसेल, असं सासूबाई म्हणाल्या. वॉशरभाऊंनाही तसंच वाटलं.

घरी परतले, तेव्हा बायको बॅगा घेऊन फाटकात उभी होती आणि तिच्या हातात कठड्यावर सापडलेला नवऱ्याचा मोबाइल होता. त्यावर तिनेच केलेले, न उचललेले फोन होते. आगगाडी सुटून गेली होती. गाडी शेडमध्ये लागली. मग कुठे होतात, एवढंच तिने विचारलं.

"बॅटरी चार्ज करत होतो," वॉशरभाऊ म्हणाले.

"दोघं?"

"जड होती," सासूबाई म्हणाल्या.

बायकोने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. नवऱ्याच्या पाठीला गंज लागला होता. आईचे गाल लाल झाले होते. पण ती थक्क झाली ते वेगळ्याच गोष्टीने. आत जाता जाता नवरा आईला म्हणत होता, "आई, चहा घेणार ना?" आणि आई त्यालाच सांगत होती, "पूर्ण कप करा आज." मधे कोणी नव्हतं. बायको बॅगा हातात घेऊन तशीच उभी राहिली, आणि पुढचं तिकीट कधीचं काढायचं हा विषय तिने त्या दिवशी काढलाच नाही.

त्यानंतर गाडी एकदाही ‘टक्’ म्हणाली नाही. सासूबाईंना शिकाऊ परवान्याची परीक्षा देताना कोणी पाहिलं नाही, आणि ज्याने पाहिलं तो बोलला नाही. बॅटरी इतकी भरलेली राहू लागली, की बॅटरीवाला सीटवरून अर्धा उठून वॉशरभाऊंना विचारायचा, शेवटी गळती निघाली कुठे? वॉशरभाऊ म्हणत, "वॉशर गेला होता."

एका रविवारी बायको बाजारात जायला म्हणून गाडीत बसली आणि चावी फिरवून काट्याकडे बघत राहिली. परवा भरलेलं पेट्रोल अर्ध्यावर आलं होतं. ती नवऱ्याला म्हणाली, कुठेतरी पेट्रोल गळतंय. वॉशरभाऊंनी लगेच अंगावर जुना सदरा चढवला आणि गाडीखाली शिरले. सासूबाई उकिडव्या बसून त्यांना बॅटरी दाखवायला लागल्या, हातातली, उजेडाची. खालून वॉशरभाऊ एकेका नळीवर गंभीरपणे बोट फिरवत होते. इथे कोरडं आहे, म्हणत होते. इथेही कोरडं आहे.

"सापडली तर सांगा," वरून बायको म्हणाली. तिने सीट मागे ढकलल्याचा कर्रकन आवाज झाला. "आणि आई, उतरताना सीट मागे करत जा. माझे गुडघे अडकतात."